एकाच बाजूचा हिशेब

सुरतेत दिवाळीला दुकानोदुकानी चोपडीपूजन सुरू झाले की मला महेश मांजरेकरांचा ‘अस्तित्व’ (२०००) आठवतो. हिंदी-मराठी दोन्हींत निघालेला हा चित्रपट आम्हा दुभाषी घरांचाच. मल्हार कामत या संगीतशिक्षकाची मालमत्ता अदितीच्या नावे होते. सतत फिरतीवर राहिलेला नवरा श्रीकांत जुनी डायरी चाळतो आणि मुलगा आपला नव्हे, हे ताडतो. बायकोचे खाते तो तपासतो, स्वतःचे बाहेरचे संबंध मात्र हिशेबात धरीत नाही. शेवटचे अदितीचे भाषण मला लांबलेले वाटले. डायरीने ते आधीच सांगितले होते. पोटचा मुलगा पाठ फिरवतो, होणारी सून रेवती मात्र तिच्या बाजूने उभी राहते. आपल्या घरात कोण राहील?