उंदराची साक्ष आणि मेंढीची साक्ष

एखाद्या जनुकाचे कार्य ठरविण्याची एक रीत आता रूढ झाली आहे. उंदरातील ते जनुक निकामी करावयाचे, काय बिघडते ते पाहावयाचे, आणि जे बिघडले तेच त्या जनुकाचे कार्य होते, अशी नोंद करावयाची. या रीतीने जीवशास्त्रास विपुल ज्ञान मिळाले, हे निर्विवाद आहे. तथापि तिच्या अखेरच्या पायरीवरील अनुमान सदोष आहे, असे आमचे मत आहे. आणि त्याचा दाखला बारामती-इंदापूरकडून नीरा ओलांडताच मिळतो.

बीएमपीआर-१बी हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावर रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या एका प्रथिनाची घडण करते. ते काढून टाकलेल्या उंदरांविषयीचे निबंध २००० आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या उंदरांची बोटांची हाडे आखूड राहिली व माद्या वंध्य निघाल्या. यावरून हे जनुक मादीच्या प्रजननास आवश्यक आहे, असे म्हणणे योग्यच. परंतु आवश्यकता म्हणजे कार्य नव्हे. मोटेचा नाडा तुटला की पाटाचे पाणी थांबते. म्हणून पाणी निर्माण करणे हे नाड्याचे काम ठरत नाही.

त्याच २००१ साली तीन निरनिराळ्या अभ्यासगटांनी ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढीच्या बहुप्रसवतेचे मूळ याच जनुकात दाखविले. तेथे जनुक नाहीसे झालेले नाही. प्रथिनातील २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन आले आहे, एवढेच. ही मेंढी वंध्य तर नाहीच, उलट एका माजात अधिक बीजे सोडते. बदललेल्या जनुकाची एक प्रत असता अधिक, दोन असता त्याहून अधिक. पुढे २००२ मध्ये बंगालच्या सुंदरबनातील चिमुकल्या गॅरोल मेंढीतही हेच उत्परिवर्तन आढळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोलचा संकर करून ते दख्खनी मेंढीत आणले व ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध केला. एरवी बहुधा एकच कोकरू देणारी दख्खनी मेंढी या एका बदलाने अनेकदा जुळी देऊ लागते.

उंदीर आणि मेंढी यांची तुलनाच अप्रस्तुत आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः मान्य केला पाहिजे. कारण येथे प्राणी आणि उत्परिवर्तनाचा प्रकार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या आहेत. परंतु या आक्षेपाने आमचाच मुद्दा बळावतो. एका प्राण्यातील एका अभावावरून जनुकाचे सर्वसामान्य कार्य सांगता येत नाही. मेंढीतील बदल प्रथिनाचे सामर्थ्य घटवितो की वाढवितो, याविषयी अभ्यासकांत दोन्ही मते मांडली गेली. केवळ जनुकहीन उंदराकडे पाहून तो वाद मिटणे शक्य नाही.

शिवाय परिणामाचे मोल परिस्थितीवाचून ठरत नाही. नीरा डाव्या कालव्याखालील बागायतदारास उसाचे वाढे आणि घास सुलभ असल्याने जुळी कोकरे लाभाची ठरतील. त्याच तालुक्यांच्या जिरायत माळावरून कळप घेऊन चाऱ्यासाठी दूर जाणाऱ्या धनगरास, मेंढीला दूध पुरेसे नसेल तर, दुसरे कोकरू भार होऊ शकेल. जनुक तेच, उत्परिवर्तनही तेच. फळ मात्र निराळे.

म्हणून विद्यार्थ्यांनी ‘अमुक जनुक अमुक कार्याचे’ असे लिहिण्यापूर्वी कोणता बदल, कोणत्या प्राण्यात आणि कोणत्या परिस्थितीत, या तीन गोष्टी नोंदवाव्यात. तेवढ्याने वाक्य लांबेल खरे, पण ते खरे ठरण्याचा संभव वाढेल.