शिसवीवरचे लाखेचे हात

म्हैसूरच्या शिसवी जडावकामाचा फलक हाती आला की नजर आधी चित्राकडे धावते: अंबारीचा हत्ती, मिरवणूक, मागे झाडी. चित्राचं कौतुक सगळेच करतात. फलक खिडकीशी नेऊन तिरपा धरणारा विरळा. पॉलिश करणाऱ्याचा हात कसा होता, ते त्या तिरप्या उजेडातच कळतं.

या चित्रात रंग भरलेला नसतो. पिवळा हवा तिथे फणसाचं लाकूड येतं, सावलीचं काम शिसव स्वतःच करते. सगळ्यावरून स्टेन फिरवला तर फिकट-गडद हा भेदच बुडेल. सागाच्या साध्या फळीला खोली देणारा स्टेन इथे बाटलीतच राहतो. हा संयम मला नक्षीइतकाच मोलाचा वाटतो.

आता हत्तीचा सुळा पाहा. फिकट सुळ्याला काळपट शिसव खेटून बसलेली. चपडा लाख विरघळते स्पिरिटमध्ये, आणि शिसवीचा जांभळट रंगही स्पिरिटमध्ये सुटतो. लाखेत भिजवलेला कापडाचा ओला बोळा काठावरून फरफटला की सुळा मळलाच. म्हणून जाणता कारागीर आधी फिकट तुकड्यांवर ब्रशने पातळ लाख लावून त्यांची तोंडं बंद करतो, आणि लाखेचे पहिले हात जवळजवळ कोरड्या बोळ्याने देतो. सुळ्याची कड धारदार दिसली, तर तिथे क्षणभर थांबावं. ती केसाएवढी स्वच्छ रेघ पटाशीने अर्धीच साधलेली असते; उरलेली बोळ्याने.

लाखेची निवडही पारखावी. नारिंगी चपड्याने शिसव ऊबदार दिसते, पण फिकट लाकूड पिवळं पडतं. फलकावर फिकी लाखच शोभते. म्हैसूरचं लाखेशी जुनं नातं आहे. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियारांनी 1937 मध्ये इथे लाख आणि रंगांचा कारखाना काढला. 1962 पासून मतदाराच्या बोटाला लागणारी शाई त्याच कारखान्यातून येते!

मग येते सपाटी. शिसवीची छिद्रं मोठी. प्युमिसची पूड आणि लाख बोळ्याने घोळवत ती भरली नाहीत, तर उजेडात बारीक खळगे चमकतात. भरली असतील तर खिडकीचे गज फलकात सरळ उमटतात, मोडत नाहीत. जाड थर देऊन हे साधत नाही. प्रत्येक नवा हात खालच्याला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे कितीही हात दिले तरी पापुद्रा दिसत नाही.

शिकणाऱ्याने मात्र सुरुवात सागाच्या तुकड्यावर करावी. स्टेन पाण्यातला घ्यावा. स्पिरिटमधला असेल तर लाखेचा बोळा तो पुन्हा उचलतो. लावून जास्तीचा पुसावा, पुरता वाळू द्यावा, मगच पातळ लाख. भर पावसात हे काम काढू नये. ओल धरून लाख पांढुरकी पडते.

गरम कपाचा गोल डागही लाखेवर उठतो, हे खरंच. पण लाखेऐवजी मेलामाइनचं पॉलिश दिलं आणि त्याचा थर तडकला, तर तो खरवडून काढावा लागतो. लाखेवर कित्येक वर्षांनीही स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवला, तर जुना हात सैल होतो आणि नव्याला आपल्यात घेतो.