अजाणतेपणाची साक्ष

आपल्या पोटीं गर्भ आहे हें खुद्द त्या स्त्रीसच ठाऊक नसावें, असें ऐकतांच बहुतेक शहाणीं माणसें हसतात. "तिला कळलें नाहीं, असें होईलच कसें?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्या प्रश्नांतच निकाल देऊन टाकलेला असतो. हाइनरिख फॉन क्लाइस्ट या जर्मन ग्रंथकारानें १८०८ सालीं ड्रेस्डेन येथून निघणाऱ्या आपल्या 'फ्योबुस' मासिकांत 'दी मार्कीझ फॉन ओ...' ही दीर्घकथा प्रसिद्ध केली. ती या हसण्यालाच दिलेलें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें.

कथेचा आरंभच विलक्षण आहे. उत्तर इटलींतील एक कुलीन विधवा, मुलांची आई, लौकिकास कोठेंहि डाग नसलेली, वर्तमानपत्रांत जाहिरात देते कीं, आपणांस नकळत दिवस गेले आहेत. होणाऱ्या मुलाच्या बापानें पुढें यावें. घराण्याचा विचार करून आपण त्याच्याशीं विवाह करण्यास सिद्ध आहों. मागची हकीकत अशी : तिचा बाप ज्या किल्ल्याचा अधिकारी होता तो पडला, त्या रात्रीं एका रशियन काउंटनें तिला शिपायांच्या तावडींतून सोडविलें. ती मूर्च्छित पडली; आणि येथें क्लाइस्ट केवळ एक आडवी रेघ ओढून पुढें जातो. साऱ्या कथेंतील अनर्थ त्या रेघेंत दडलेला आहे. रक्षक म्हणून आलेलाच भक्षक झाला, ही गोष्ट त्या स्त्रीस अगदीं शेवटीं कळते.

क्लाइस्टचें कौशल्य असें कीं, त्यानें हा अजाणतेपणा निव्वळ अंधारासारखा रंगविलेला नाहीं. मार्कीझला मळमळतें, घेरी येते. ती पूर्वीं बाळंत झालेली, तेव्हां हीं लक्षणें तिच्या ओळखीचीं आहेत. दुसऱ्या कोणा बाईनें असें सांगितलें असतें तर तिला दिवस गेले असेंच आपण मानलें असतें, असें ती आईजवळ बोलूनहि दाखविते. आणि मायलेकी स्वप्नांच्या देवावर पितृत्वाचा आळ घालून ती गोष्ट थट्टेवारीं नेतात. शरीर सांगत असतें. पण त्या सांगण्याला मनांत जागाच नसते. ज्याचें कारण आठवत नाहीं तें कार्य मानावें कसें? वैद्यानें निदान सांगितलें तेव्हां ती तो आपला अपमान समजते. सुईणीनें तेंच सांगितल्यावर मात्र तिचा धीर सुटतो.

मूर्च्छेंत घडलेला अत्याचार हें अर्थात् निराळें प्रकरण. परंतु शरीराच्या खुणा दिसूनहि अर्थ न लागणें ही केवळ कवींची कल्पना नव्हे. बर्लिनमधील वेसेल व बुशर या वैद्यांनीं २००२ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आपल्या पाहणीचे आंकडे दिले. गर्भ वीस आठवड्यांचा होईपर्यंत ज्यांस त्याची जाणीव नव्हती अशा स्त्रियांचें प्रमाण सुमारें ४७५ त एक, आणि प्रसूतीपर्यंत नव्हती अशांचें सुमारें २४५५ त एक निघालें. मधून मधून होणारा रक्तस्राव पाळी समजला जातो, मळमळ पित्तावर घातली जाते, आणि सारें उलगडतें तें वेणा सुरू झाल्यावर.

तथापि आमच्या मतें कथेचा खरा विषय गर्भ नव्हे, घर हा आहे. बाप तिला घराबाहेर काढतो. ती विनवूं लागतांच तो पिस्तूल उचलतो आणि बार उडतो. मुलें येथेंच ठेवून जा, असें भावाकरवीं सांगण्यांत येतें. ती मुलांना गाडींत घालून निघून जाते. मागाहून आई तिची परीक्षा घेण्याकरितां एक खोटी बातमी घेऊन येते : घरच्या शिकारी नोकरानें अपराध कबूल केला आहे! लेक त्यावर चटकन् विश्वास ठेवते. दुपारच्या झोपेंतून जाग आली तेव्हां तो जवळून जातांना दिसला होता, हेंहि तिला आठवतें. तेव्हां कोठें आईची खात्री पटते. खरें बोलून जी निर्दोष ठरली नाहीं, ती खोट्यावर विश्वास ठेवून निर्दोष ठरली! कुटुंबांतील न्यायावर याहून कठोर टीका आमच्या वाचनांत क्वचितच आली आहे.

दोष दाखवावयाचा तर तो शेवटाचा. ठरल्या दिवशीं काउंट हजर होतो. ती त्याला सैतान समजून दूर लोटते, तरी विवाह होतो, आणि पुढें मनेंहि जुळतात. ज्यानें मूर्च्छित स्त्रीवर हात टाकला त्याला इतक्या स्वस्तांत क्षमा मिळावी, हें आम्हांस रुचलें नाहीं. एरिक रोमेर यांनीं १९७६ सालीं काढलेल्या चित्रपटांत मार्कीझला झोपेचें औषध दिल्याचें दाखविलें आहे. त्यामुळें तिचें अजाणतेपण प्रेक्षकांस सहज पटतें खरें. पण क्लाइस्टला तें सहज पटवावयाचें नव्हतें. पुराव्यावांचून विश्वास ठेवतां येतो कीं नाहीं, हाच त्याचा प्रश्न.

अशी कथा घरांत वाचावी काय, असें कोणी विचारतील. आम्ही म्हणूं, अवश्य वाचावी. आणि लेकीसुनांच्या आधीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं वाचावी. "मला ठाऊक नव्हतें" असें एखादी मुलगी भेदरून सांगूं लागली तर तोंडून पहिला शब्द कोणता निघावा, याचा विचार ती वेळ येण्यापूर्वींच करून ठेवणें बरें.