काटकसर कोणाच्या जिवावर ?

‘दाम करी काम’ आणि ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या दोन्ही म्हणी आपल्या घरांत एकाच तोंडानें सांगितल्या जातात; त्या एकमेकींस छेद देतात हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पहिली म्हणते कीं द्रव्यावांचून कार्य होत नाहीं. दुसरी म्हणते कीं द्रव्य थोडें असलें तरी शहाण्याचा संसार नीट चालतो. मायकेल लुईस या अमेरिकन ग्रंथकारांचें २००३ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘मनीबॉल’ हें पुस्तक म्हणजे या दुसऱ्या म्हणीची केलेली मोठी वकिली आहे. पुस्तकांत बेसबॉलचे सामने पुष्कळ आहेत. परंतु त्याचा खरा विषय त्या खेळांतील धंदेवाईक संघांचा पगारखर्च हा होय. २०११ सालीं त्यावर चित्रपट निघाला, आणि थोडक्या पैशांत मोठें काम करून दाखविण्याचा दाखला म्हणून खेळाबाहेरील मंडळीहि त्याचें नांव घेऊं लागली. जें पुस्तक इतकें लोकप्रिय झालें त्याची परीक्षा जरा कसोशीनें करणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

ज्या वाचकांस हा खेळ परका आहे त्यांनीं इतकेंच ध्यानांत धरावें कीं अमेरिकेंतील वरिष्ठ बेसबॉलमध्यें तीस संघ असून प्रत्येक संघ हंगामांत १६२ सामने खेळतो. संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा घालण्यास तेथील खेळाडूंच्या संघटनेनें २०२२ च्या करारापर्यंत कधींहि संमति दिलेली नाहीं. त्यामुळें ज्या मालकाची थैली जड त्याच्याकडे नांवाजलेले गडी जातात. २००२ सालीं न्यूयॉर्क यांकीज या संघाचा पगारखर्च सुमारें १२ कोटी ६० लक्ष डॉलर होता, तर ओकलंड ॲथलेटिक्स या संघाचा सुमारें ४ कोटी. त्याच्या आदल्या हंगामानंतर ओकलंडचा सर्वोत्तम फलंदाज जेसन जिआंबी यास यांकीजनीं सात वर्षांकरितां १२ कोटी डॉलर देऊन उचलून नेलें. जॉनी डेमन बॉस्टनला गेला आणि जेसन इझ्रिंगहाउझन सेंट लुईसला. इतकें होऊनहि २००२ सालीं या दोन्ही संघांनीं सारखेच, म्हणजे १०३ सामने जिंकले. आणि ओकलंडनें तर मध्यंतरीं ओळीनें वीस विजय मिळविले. हें घडलें कसें, याचें उत्तर शोधण्यासाठीं मि. लुईस यांनीं हें पुस्तक लिहिलें.

त्यांचें उत्तर असें : बाजारांत ज्या गुणाची किंमत फाजील आहे तो विकावा, आणि ज्याची किंमत कोणी ओळखली नाहीं तो विकत घ्यावा. बेसबॉलमध्यें चार वाईट चेंडू पडले कीं फलंदाजास कांहीं न मारतां पहिल्या ठाण्यावर जाण्याचा हक्क मिळतो. असा धीमेपणानें उभा राहणारा गडी प्रेक्षकांस रुचत नाहीं, म्हणून त्यास पगार थोडा. परंतु बाद न होतां ठाण्यावर पोंचण्याचें प्रमाण आणि संघाच्या धांवा यांचा संबंध निकट आहे. ओकलंडचे व्यवस्थापक बिली बीन यांनीं हें आंकड्यांवरून जाणलें, आणि कोपराच्या दुखण्यामुळें यष्टिरक्षकासारखें काम करण्यास निरुपयोगी ठरलेल्या स्कॉट हॅटेबर्गसारख्या गड्यास स्वस्तांत घेऊन दुसऱ्या जागीं उभें केलें. या विचाराचे आद्य प्रवर्तक बिल जेम्स हे कॅन्सस प्रांतांतील डबाबंद खाद्याच्या एका कारखान्यांत रात्रीची राखण करीत असत. १९७७ सालीं त्यांनीं स्वतःच छापलेल्या पहिल्या पुस्तिकेच्या जेमतेम पाऊणशें प्रती खपल्या. हीं व्यक्तिचित्रें रेखाटण्यांत मि. लुईस यांची लेखणी सिद्धहस्त आहे. आंकड्यांचा विषय कादंबरीसारखा वाचनीय करणें हें येरागबाळाचें काम नव्हे, आणि या गुणाबद्दल त्यांस द्यावी तेवढी शाबासकी थोडीच.

परंतु कथा रंगविण्याच्या भरांत ग्रंथकारांनीं दिव्याचा झोत जेथें हवा तेथें पाडला नाहीं, असा आमचा आक्षेप आहे. २००२ च्या ओकलंड संघाचें बळ केवळ हॅटेबर्गवर नव्हतें. टिम हडसन, मार्क मल्डर व बॅरी झीटो असे तीन अव्वल गोलंदाज त्या एका संघांत होते. त्यांपैकीं झीटोनें त्या सालीं २३ सामने जिंकून देऊन आपल्या लीगमधील सर्वोत्तम गोलंदाजाचें साय यंग पारितोषिक मिळविलें. त्याच सालीं त्याच लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून मिगेल तेहादा याची निवड झाली, आणि तोहि ओकलंडचाच. ज्या संघांत असे मोहरे आहेत त्याच्या विजयाचें श्रेय टाकाऊंतून टिकाऊ केलेल्या दोघातिघांस देणें म्हणजे पक्वान्नाचें ताट पाहून कोशिंबिरीचीच वाखाणणी करण्यासारखें आहे.

आतां प्रश्न असा कीं हे मोहरे ४ कोटींत कसे मावले ? याचें उत्तर बीन यांच्या बुद्धींत थोडें आणि खेळाच्या कायद्यांत फार आहे. नियम असा कीं वरिष्ठ संघांत सहा वर्षें नोकरी झाल्यावांचून खेळाडूस आपला धनी निवडतां येत नाहीं. त्यांतील पहिलीं सुमारें तीन वर्षें मालक देईल तो पगार घ्यावयाचा. २००२ सालीं त्याची किमान मर्यादा २ लक्ष डॉलर होती. पुढील वर्षांत लवादाकडे दाद मागतां येते; परंतु संघ सोडतां येत नाहीं. तेहादाची मुदत २००३ मध्यें संपतांच बॉल्टिमोरच्या संघानें त्यास सहा वर्षांचे ७ कोटी २० लक्ष डॉलर दिले. झीटोची मुदत २००६ मध्यें संपली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानें त्यास सात वर्षांचे १२ कोटी ६० लक्ष कबूल केले. म्हणजे पूर्वीं यांकीजच्या सबंध संघास एका वर्षांत लागली तेवढी रक्कम. मोकळ्या बाजारांत ही त्यांची किंमत. आणि ऐन उमेदीच्या वर्षांत ओकलंडनें जें मोजलें तें तिच्या कितीतरी खालीं. ही जी तफावत, तीच ओकलंडची काटकसर. मि. लुईस या नियमाचा उल्लेख करीत नाहींत असें नव्हे; तरुण खेळाडू कसे स्वस्त पडतात हें ते ओघांत सांगतात. मात्र त्यास ते व्यवहाराचें एक साधन समजून पुढें जातात. हें साधन आलें कोठून, ही चौकशी त्यांच्या पुस्तकांत गौण राहिली आहे.

तें साधन फार जुनें आहे. मालकांनीं १८७९ सालीं आपसांत ठराव करून कांहीं खेळाडू राखून ठेवण्याची चाल पाडली, आणि पुढें ती सर्वांस लागू झाली. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क संपत नसे. मालक त्यास विकूं शके, बदलूं शके, परंतु तो स्वतः पाऊल उचलूं शकत नसे. १९२२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें मक्तेदारीविरुद्धचा कायदा बेसबॉलला लागू नाहीं असा निर्णय देऊन या चालीचा पाया पक्का केला. सेंट लुईसकडून बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लड यास १९६९ सालीं फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यांत आलें, तेव्हां त्यानें जाण्यास नकार देऊन न्यायालय गांठलें. १९७२ सालीं तो पांच विरुद्ध तीन मतांनीं हरला, आणि त्याचें खेळाडूचें आयुष्य तोंपर्यंत संपलेंच होतें. अखेर डिसेंबर १९७५ मध्यें पीटर सीट्झ या लवादानें मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोन गोलंदाजांस मुक्त ठरविलें. मालकांनीं त्या लवादास तत्काळ बडतर्फ केलें. त्यानंतर १९७६ मध्यें झालेल्या तडजोडींत सहा वर्षांची अट ठरली. म्हणजे आज जी मोकळीक आहे ती फ्लडसारख्यांच्या झिजण्यानें मिळालेली, आणि जें बंधन उरलें आहे तें त्या जुन्या वेठीचेंच शेंपूट होय.

मि. लुईस यांच्या पुस्तकाचें उपनांव ‘अन्याय्य खेळ जिंकण्याची कला’ अशा अर्थाचें आहे. अन्याय कोणावर, असें विचारलें तर पुस्तक सांगतें : गरीब मालकावर, श्रीमंत मालकाकडून. आमच्या मतें या अन्यायाच्या तळाशीं दुसरा एक अन्याय आहे, आणि गरीब मालकाची हुशारी त्याच्याच आधारानें उभी आहे.

पुढील वीस वर्षांच्या इतिहासानें आमचें म्हणणें अधिकच दृढ केलें आहे. हिशेबाची विद्या कांहीं गरिबांच्या घरीं कोंडून राहिली नाहीं. बॉस्टननें बिल जेम्स यांनाच २००२ मध्यें पदरीं ठेवलें आणि २००४ सालीं १९१८ नंतरचें पहिलें जगज्जेतेपद मिळविलें. त्या वेळीं पगारखर्चांत बॉस्टनचा क्रमांक यांकीजच्या खालोखाल होता. लॉस अँजेलिस डॉजर्सनीं २०१४ सालीं टॅम्पा बे या काटकसरी संघाचे सूत्रधार अँड्र्यू फ्रीडमन यांस आणलें, २०२३ मध्यें शोहेई ओहतानी याच्याशीं ७० कोटी डॉलरांचा करार केला, आणि २०२४ व २०२५ अशीं लागोपाठ दोन जगज्जेतेपदें पटकाविलीं. २०२५ सालीं कराच्या हिशेबानें त्यांचा पगारखर्च ४० कोटी डॉलरांवर गेला. नुसत्या पैशानें यश येतें असेंहि नाहीं; न्यूयॉर्क मेट्सनीं २०२३ सालीं तोंवरचा सर्वांत मोठा पगारखर्च केला आणि १६२ पैकीं ८७ सामने गमावले. तात्पर्य, दाम आणि अक्कल हीं एकत्र आलीं कीं एकट्या अकलेचा निभाव लागणें कठीण.

आणि ओकलंडचें काय झालें ? १९९१ सालीं हाच संघ पगारखर्चांत सर्वांच्या पुढें होता, कारण तेव्हांचे मालक वॉल्टर हास हे संघास गांवाची ठेव समजत. पुढच्या मालकांनीं काटकसर हेंच ब्रीद केलें, आणि तिची कीर्ति पुस्तकानें दिगंत नेली. २०२३ सालीं सर्वांत स्वस्त संघांत गणल्या गेलेल्या ओकलंडनें ११२ सामने गमावले. त्या वर्षीं १३ जून रोजीं २७ हजारांहून अधिक प्रेक्षक मुद्दाम जमले, आणि मालकानें संघ विकावा असा त्यांनीं घोष केला. मालकानें ऐकलें नाहीं. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं ओकलंडमधील शेवटचा सामना झाला आणि संघानें गांव सोडलें. काटकसरीचें कौतुक करतांना ती हौसेनें केलेली आहे कीं गरजेनें, हें पाहिलें नाहीं म्हणजे कंजूषपणासहि शहाणपणाचीं वस्त्रें नेसवितां येतात, याचें हें उदाहरण आहे.

यावर कोणी म्हणेल, मग पगारावर मर्यादा कां घालूं नये ? मालकांनीं १९९४ मध्यें तीच मागणी केली होती. खेळाडूंनीं संप केला आणि त्या वर्षीं अंतिम मालिकाच झाली नाहीं. मर्यादेनें संघासंघांतील अंतर कमी होईल हें कबूल. परंतु वांचलेला पैसा जातो कोणाकडे, हेंहि विचारलें पाहिजे. आपल्याकडील इंडियन प्रीमियर लीगमध्यें अशी मर्यादा आरंभापासून आहे. २०२५ च्या हंगामासाठीं प्रत्येक संघाची थैली १२० कोटी रुपयांची होती, म्हणजे दहा संघांची मिळून १,२०० कोटी. आणि २०२३ ते २०२७ या पांच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींस विकले गेले, म्हणजे वर्षास साडेनऊ हजार कोटींवर. हे आंकडे शेजारीं मांडून वाचकांनीं आपला निर्णय आपणच करावा.

असो. ‘मनीबॉल’ वाचूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. उलट तें अवश्य वाचावें. रूढ समजुतींवर न विसंबतां मोजून पाहण्याची जी संवय तें लावतें ती आपल्या शाळांस, कचेऱ्यांस आणि घरांस उपयोगी पडेल. फक्त तीच मोजपट्टी वाचकांनीं त्या पुस्तकासहि लावावी. थोडक्या खर्चांत मोठें काम झाल्याचें कोणीं सांगितलें, तर त्याच्या हुशारीस मान डोलविण्यापूर्वीं एवढें विचारावें कीं न दिलेला पैसा कोणाच्या घामाचा होता.