गुन्हा आणि पाप : मुंबई धर्मपीठाच्या भूमिकेची समीक्षा

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ वैध ठरविले. तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानीत नाही, असे जाहीरपणे सांगितले. ही भूमिका धैर्याची होती. परंतु ती अपुरीही होती. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा (१९९२) परिच्छेद २३५८ अशा व्यक्तींचा आदराने स्वीकार करण्यास सांगतो, तर परिच्छेद २३५७ त्यांचे शरीरसंबंध सर्वथा अमान्य करतो. २०१८ च्या निकालाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता गुन्ह्याचा प्रश्न मिटला, पापाचा नाही. डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकन घोषणापत्राने समलिंगी जोडप्यांना विधीबाह्य आशीर्वादाची मुभा दिली. विवाहविषयक शिकवण मात्र तीच ठेवली. परिणामी धर्मग्रामातील स्वागत हे धर्मगुरूच्या सौजन्यावर अवलंबून राहते. सौजन्य हा हक्काला पर्याय ठरू शकत नाही.