‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

मोडनिंबमध्ये इस्ट्रोजेन आणि स्मरणशक्ती यावर बोलायचं, तर सुरुवात प्रयोगशाळेपेक्षा उसाच्या फडातून केलेली बरी. दसरा-दिवाळी उलटली की आपल्या भागात तोडणीच्या टोळ्या उतरतात, त्यांत बीडकडच्या पुष्कळ. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल किती घेतली, फेडली किती, खाडे किती पडले, हे सगळं मुकादमाच्या वहीत असतं. बाईजवळ बहुधा वही नसते. तिचा हिशेब डोक्यात. म्हणून तिच्या स्मरणशक्तीचं काय होतं, हा प्रश्न आम्हाला नुसता शास्त्रीय वाटत नाही.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या ऑपरेशनांवरून गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. खाड्याचा दंड, कॅन्सरची घातलेली भीती, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. आमची तक्रार त्या चर्चेतल्या एका शब्दाबद्दल आहे. सगळे ‘पिशवी’ म्हणत राहिले.

पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन मुख्यतः तयार होतं ते बाजूच्या दोन अंडाशयांत. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय चालू राहतात. काही जणींचे थोडे लवकर थकतात, एवढंच. दोन्ही अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६ च्या आसपास जाते आणि त्याआधी काही वर्षं शरीर हळूहळू सवय करून घेतं. इथे पस्तिशीतल्या बाईला एका दुपारीत तिथं नेऊन ठेवायचं! तरी घरात, फडावर, बातमीत दोन्ही ऑपरेशनांना नाव एकच. १३,८६१ हा आकडाही पिशव्यांचाच. त्यावरून अंडाशयांचं काही कळत नाही.

आता याचा मेंदूशी संबंध काय, ते बघू. नवी आठवण घडवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. १९९० मध्ये कॅथरीन वूली, ब्रूस मॅक्युएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादी उंदरांचा हा भाग तपासला. तिथल्या काही चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. दुसऱ्या पेशीचा निरोप त्यांच्यावर पोचतो. उंदरांच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात त्या काट्यांची दाटी सुमारे ३० टक्क्यांनी कमीजास्त होताना दिसली. मोठ्या मेंदूची जडणघडण आता पक्की, ती बदलत नाही, या समजाला तो चांगलाच धक्का होता. पण त्याच शोधावरून ‘बायकांचं डोकं पाळीनुसार चालतं’ असं सांगणारे लेख फिरतात, ते आम्हाला उथळ वाटतात. पाळीच्या चक्राबरोबर स्त्रियांच्या स्मरणचाचण्या ठळकपणे आणि दर वेळी बदलतात, असं दिसत नाही. आणि इस्ट्रोजेन पुरुषांच्या मेंदूतही बनतं, टेस्टोस्टेरॉनपासून. त्यांच्या डोक्याबद्दल असे लेख का नाहीत, हे विचारायला हरकत नाही.

अंडाशय काढण्याची गोष्ट वेगळी. कॅनडात बार्बरा शेरविन यांनी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर त्याच स्त्रियांची चाचणी घेतली, ते काम १९९२ चं. शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवायच्या होत्या. इस्ट्रोजेन मिळालेल्यांचे गुण टिकले, खोटं औषध मिळालेल्यांचे घसरले. स्त्रिया मोजक्याच होत्या, हे खरं. पुढे २००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांच्या गटाला मोठ्या नोंदींतून दिसलं की, पाळी जाण्याआधी अंडाशय काढलेल्यांत उतारवयातल्या विस्मरणाचा आणि डिमेन्शियाचा धोका जास्त, आणि ऑपरेशनचं वय जितकं कमी तितका तो जास्त. हे निरीक्षण आहे, थेट प्रयोग नाही. त्यात तोडणीच्या बाईला पंडुरोग, अपुरी झोप आणि पहाटेपासूनची मेहनत आहेच; तिचं प्रत्येक विसरणं हार्मोनवर ढकलणं चूक ठरेल.

मग गोळ्या द्याव्यात का? इथेच जाहिराती गल्लत करतात. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या ४,५३२ स्त्रियांवर चाचणी झाली, निकाल २००३ चा. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत ४० जणींना डिमेन्शिया झाला, न घेणाऱ्यांत २१ जणींना. म्हातारपणी सुरू केलेलं हार्मोन हे बुद्धीचं टॉनिक नव्हे. मात्र ज्यांचे अंडाशय तरुणपणीच गेले, त्यांना इतर काही धोका नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा विचार व्हावा, असं वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. हाडं आणि हृदय ही त्यामागची मोठी कारणं. त्यासाठी डॉक्टरला आधी कळायला तर हवं, की काढलं काय होतं.

ते डिस्चार्ज कार्डावर असतं, इंग्रजीत. ‘टी.ए.एच.’ एवढंच असेल तर गर्भाशय. पुढे ‘बी.एस.ओ.’ असेल तर दोन्ही अंडाशय आणि नळ्याही. पुढच्या पाहणीत एवढे दोन रकाने वाढवा: अंडाशय ठेवले की काढले, आणि तेव्हा वय किती. बाईला सांगता आलं नाही तर कार्ड मागून बघा. खोपीवर नसेल, गावाकडच्या ट्रंकेत असेल. टोळी परत गेल्यावर तिथं जाऊन बघावं लागेल.