संताच्या सावलीतले मूल

मरणाच्या दारात असलेल्या मुलांना घरी आणून सांभाळणाऱ्या फॉस्टर पालकांच्या कथा हा अमेरिकी पत्रकारितेत आता एक ठरीव प्रकार झाला आहे. त्यातला बहुधा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे हेली ब्रॅन्सन-पॉट्स यांनी लिहिलेला, ‘लॉस अँजेलिस टाइम्स’ने फेब्रुवारी २०१७मध्ये छापलेला वृत्तांत. मूळचे लिबियाचे मोहम्मद बझीक १९७८ साली शिकायला अमेरिकेत आले आणि लॉस अँजेलिसजवळच्या अझुसा गावात स्थिरावले. जगण्याची आशा नसलेली मुले त्यांनी आधी पत्नीच्या सोबतीने आणि नंतर एकट्याने सांभाळली; वृत्तांत आला तोवर सुमारे दहा मुलांचे दफन त्यांनी केले होते. अशा विषयावर लिहिताना भावनेला आवाहन करू नये, असे म्हणणे हा कोरडेपणा ठरेल. माझा आक्षेप भावनेला नाही. ती मुलाजवळ सुरू होते, पण पालकाच्या थोरवीपाशी येऊन थांबते, पुढे कुणालाच काही विचारत नाही. दोष आहे तो इथे.

मूळ वृत्तांताचे बळ त्याच्या संयमात आहे. आतड्याच्या विकाराने आजारी असलेला एक मुलगा आठ वर्षांच्या आयुष्यात १६७ वेळा रुग्णालयात दाखल झाला. त्याला घट्ट अन्न चालत नसे, तरी जेवणाच्या वेळी त्याच्यापुढे रिकामी ताटली आणि चमचा मांडला जाई, घरातल्या सगळ्यांबरोबर त्यालाही पंगतीला बसता यावे म्हणून. या तपशिलाला एकाही विशेषणाची गरज पडत नाही. दुसरी एक मुलगी घरी आल्यावर जेमतेम आठवडाभर जगली. ती इतकी लहान होती की तिचे अखेरचे कपडे बाहुल्या बनवणाऱ्या कारागिराने शिवले. लेखन चालू असताना त्या घरात असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. तिच्याशी बोलायचे ते फक्त स्पर्शाने. गोपनीयतेच्या कायद्यामुळे तिचे नाव वृत्तांतात नाही, तरीही ती वाचकाला पूर्णपणे भेटते. इथे भावना निर्माण होते ती मुलाच्या दिवसातून, त्याच्या नळ्यांतून, ताटलीतून. सांभाळणारा माणूस दिसतो तोही त्या कामातून. वाचकाला रडवण्याची घाई लेखिकेला नाही, आणि म्हणूनच तिचे लेखन आतवर पोहोचते.

याच वृत्तांतात दोन आकडे आहेत. त्या वेळी लॉस अँजेलिस काउंटीच्या बालकल्याण विभागाच्या देखरेखीखाली सुमारे ३५,००० मुले होती आणि त्यांतली सुमारे ६०० गंभीर आजारांसाठीच्या विशेष सेवेत होती. मरणार हे ठाऊक असलेले मूल घेणारा माणूस मात्र विभागाला एकच माहीत होता. हा एकटेपणा कौतुकाचा विषय होण्याआधी चौकशीचा विषय व्हायला हवा होता. इतक्या मोठ्या, श्रीमंत काउंटीत दुसरे घर का मिळत नाही? रात्रपाळीच्या परिचारिकेचा खर्च कोण उचलतो? आणि तो एकटा माणूसच आजारी पडला तर काय? हा शेवटचा प्रश्न कल्पनेतला नव्हता, कारण २०१६च्या अखेरीस बझीक यांच्यावर स्वतःच कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. पुढे ही कथा जगभर फिरली तेव्हा संक्षेपात आणि पार्श्वसंगीत लावलेल्या चित्रफितींत आकडे गळाले. उरला संत, आणि आजारपण हे त्याच्या संतपणाचे आणखी एक प्रमाण झाले.

यावर पहिला आक्षेप असा, की मन हलल्याशिवाय हात खिशात जात नाही. खरे आहे, त्या वृत्तांतानंतर बझीक यांच्यासाठी लोकवर्गणी जमली आणि तिची त्या घराला गरजही होती. पण ती मदत एका दारापर्यंत पोहोचली. विशेष सेवेतल्या बाकी मुलांच्या घरांचा पत्ता वाचकाला कुणी दिलाच नव्हता, मग त्याचा हात तिकडे जाणार कसा? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिबियासह सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेश नाकारणारा आदेश २७ जानेवारी २०१७ रोजी निघाला आणि दोन आठवड्यांच्या आत हा वृत्तांत आला. त्या वातावरणात एका मुस्लिम स्थलांतरिताची माणुसकी घरोघर पोहोचली, हे मोलाचे काम होते आणि ते मी नाकारत नाही. मात्र ज्या स्थलांतरिताने मरणारी मुले सांभाळली नाहीत, जो नुसता टॅक्सी चालवतो, त्याने आपला हक्क कशाच्या जोरावर सांगायचा? शिवाय, जिला जगात कुणी भांडते आहे याचीही कल्पना नाही, त्या मुलीच्या खाटेवर मोठ्यांच्या वादाचा पुरावा ठेवला गेला, हेही विसरू नये.

तिची संमती कुणी घेतली, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तरी एचआयव्हीबाधित मुलांना आधार देणाऱ्या संस्थांवर लिहिताना डोळ्यांवर पट्टी ओढायची आणि गाव, संस्था, आजार मात्र छापायचा, एवढ्यावर समाधान मानले की कायद्याचा हेतूच हरवतो.

आणि या सगळ्या कथांतून जवळजवळ पूर्ण गायब असतात ती जन्मदाती माणसे. त्यांनी मूल ‘सोडले’, एवढाच त्यांचा उल्लेख, आणि त्या एका क्रियापदात निकाल लागून जातो. महागडे उपचार, गरिबी, व्यसन, दुसऱ्या मुलांची पोटे, यांतले काय त्या घरात होते, हे क्वचितच कळते. बझीक यांच्या घरात १९९१ साली वारलेल्या पहिल्या मुलीबद्दल मूळ वृत्तांतात एक ओळ आहे: तिची आई शेतमजूर होती आणि गरोदरपणी विषारी कीटकनाशक तिच्या श्वासात गेले होते. मुलीच्या मणक्याला व्यंग होते. एवढे सांगून मजकूर पुढे सरकतो, पालकाच्या दुःखाकडे. ते दुःख खरे आहे, त्याला जागा मिळायलाच हवी. पण कॅलिफोर्नियाच्या शेतात कुणाच्या हुकमाने फवारणी झाली, त्या वेळी मजुरांना रानाबाहेर काढले होते का, आणि नंतर तिथे राबणाऱ्या दुसऱ्या गरोदर बायकांचे काय झाले, हे विचारायला त्या मुलीचे नाव छापावे लागले नसते.